एका सेटवरून बत्तीस सेट

एका सेटमध्ये भरलेले चॅनेल, म्हणजे बोलण्यासाठी ठरवलेल्या फ्रिक्वेन्सी, दुसऱ्या सेटमध्ये कसे उतरवायचे ते आज पाहू. टेबलावर हे दोन वॉकीटॉकी आहेत आणि मध्ये ही हातभर वायर. दोन्ही टोकांना दोन-दोन पिना. या जातीच्या सेटमध्ये ज्यातून द्यायचं तो ठरावीक बटणं दाबून चालू करायचा, दुसरा नुसता चालू ठेवायचा. इकडे लाल दिवा, तिकडे हिरवा. दोन्ही विझले की इकडचे सगळे चॅनेल तिकडे गेले. नाही गेले, तर लगेच वायरला दोष देऊ नका. पीन अंगठ्याने दाबा, ‘टक्’ वाजेपर्यंत. बहुतेक वेळा ती केसभर बाहेर राहिलेली असते.

काम इतकं सोपं आहे, म्हणूनच त्याची मला काळजी वाटते.

एका साखर कारखान्याला गाळप हंगामाच्या तोंडावर मी असे ३२ सेट भरून दिले. १ नंबर गव्हाणीला, म्हणजे ऊस टाकतात तिथे, २ बॉयलरला, ३ वजनकाट्याला, १६ नंबर फक्त आणीबाणीसाठी. १ नंबरवर बोलून पाहिलं, आवाज स्वच्छ आला, सेट वाटले. पुढे एका रात्री गव्हाणीच्या साखळीत ऊस अडकला. तिथला कामगार १६ नंबरवर ओरडतोय, ‘कॅरिअर (ऊस पुढे नेणारा पट्टा) बंद करा!’ त्याच्या सेटचा लाल दिवा लागतोय, पण पलीकडे कुणालाच काही ऐकू येत नाही. शेवटी तो पळत जाऊन सांगून आला. कुणाला इजा झाली नाही. पण ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही.

झालं होतं असं. भरून ठेवली असेल तर आपल्या बोलण्याखाली सेट एक बारीक गुणगुण पाठवत असतो, तिला आपण टोन म्हणतो. साधारण ६७ ते २५४ हर्ट्झ. समोरच्या सेटवर ऐकण्याचा टोन ठरवलेला असेल, तर तो मिळाला तरच त्याचा स्पीकर उघडतो. माझ्या मास्टर सेटवर, म्हणजे ज्यावरून बाकीचे भरले त्यावर, १६ नंबरला ऐकण्याचा टोन ८८.५ भरलेला होता आणि पाठवण्याच्या टोनची जागा रिकामी होती. म्हणजे ३२ सेट बोलणारे, पण एकमेकांचं ऐकणारा एकही नाही. कुठलेही दोन सेट शेजारी ठेवून ताडून पाहिले असते, तरी फरक दिसला नसता. चूक सगळीकडे तीच होती ना!

संगणकावरून भरणाऱ्यांनाही हेच लागू. चर्प हे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ जण वापरतात. त्यात आधी समोरच्या सेटमधलं वाचून घ्या, ती फाइल जपून ठेवा, मगच लिहा. एका सेटची अख्खी फाइल दुसऱ्यात ओतू नका. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे सेट आतल्या फर्मवेअरने, म्हणजे सेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, वेगळे असू शकतात. चॅनेलच्या ओळी तेवढ्या उचलून चिकटवा.

डीएमआर म्हणजे डिजिटल सेट असतील, तर आणखी जपा. तिथे प्रत्येक सेटला स्वतःचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. प्रतीबरोबर तोही गेला, तर कोण बोलतंय ते पडद्यावर कळणार नाही. आणि एखादा सेट हरवला म्हणून तो दुरून बंद करायचा आदेश दिलात, तर त्या आयडीचे हातातले सेटही बंद पडू शकतात. काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर आयडी वेगळा ठेवतं, पण ते गृहीत धरू नका. सेट नंबर, आयडी, कुणाकडे दिला, हे वहीत लिहा.

परवान्याचं एकच सांगतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २०१८ पासून कमी शक्तीच्या सेटना परवान्याशिवाय खुला आहे. अशा सेटसाठी बाकी बहुतेक फ्रिक्वेन्सी परवान्यावर नेमून दिलेल्या असतात. दुसऱ्याच्या सेटवरून प्रत घेतली, म्हणून त्याची फ्रिक्वेन्सी आपली होत नाही.

हल्ली माझ्या मास्टर सेटला लाल पट्टी असते, तो कपाटात राहतो, कामाला जात नाही. त्यावरून आधी दोनच सेट भरतो. मग एक माणूस गेटवर, दुसरा आवाराच्या टोकाला, आणि सगळे चॅनेल दोन्ही बाजूंनी बोलून पाहतो. त्यानंतरच उरलेले तीस.

चला, दोघांनी पुढे या. हा सेट घेऊन तुम्ही खाली पार्किंगमध्ये जा. सोळा नंबर लावा, तिथूनच सुरुवात करू.