खोली कुणाची, खर्चावर सही कुणाची

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठानं परीक्षा घ्यायच्या आणि पदवी द्यायची, शिकवायचं संलग्न महाविद्यालयांनी. विद्यार्थी राहणार कुठे, हा विद्यापीठाचा प्रश्नच नव्हता. म्हणून आपल्याकडे वसतिगृह म्हटलं की खाट, कपाट, मेस आणि रेक्टर एवढंच डोळ्यांसमोर येतं. निवासी महाविद्यालयात मात्र राहणं, जेवणं आणि अभ्यास एकत्र असतो; त्यातलं आपल्या वसतिगृहात काय आणता येईल, ते पाहू.

ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये कॉलेज ही कायद्यानं स्वतंत्र संस्था आहे. मर्टन कॉलेजची पहिली नियमावली १२६४ सालची. मालमत्ता कॉलेजची, कारभार फेलोंचा, म्हणजे तिथल्या अध्यापक-सदस्यांचा. पदवीपूर्व विद्यार्थी कॉलेज निवडतं आणि दोन-तीन जणांना समोर बसवून शिकवणंही तिथंच होतं. प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाकडे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९३३ पासून उभी राहिलेली निवासी महाविद्यालयं विद्यापीठाचाच भाग आहेत. तिथं प्रत्येक ठिकाणी दोन माणसं असतात: एकत्र राहण्या-जेवण्याचा संसार सांभाळणारा प्रमुख आणि अभ्यासाची अडचण ऐकणारा डीन.

आपण उचलायची ती हीच विभागणी. दंड करणाऱ्याच्याच दारात नापास झालेला मुलगा रात्री जात नाही. आपल्या रेक्टरकडे शिस्त लावणं आणि अडचण ऐकणं ही दोन्ही कामं असतात, म्हणून त्याला अडचण कळते ती निकाल लागल्यावर.

आता पैसा. सगळी फी मुख्य कार्यालयात जमा होत असेल, तर गळका नळ बदलायलाही फाइल फिरते. किरकोळ दुरुस्तीसाठी ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च रेक्टरच्या सहीनं व्हावा आणि हिशेब दर महिन्याला सूचनाफलकावर लागावा. मेसमध्ये तर हमखास एक चूक होते. महिन्याचा सगळा खर्च हजर दिवसांनी भागला जातो. दिवाळीत निम्मी मुलं घरी गेली तरी आचाऱ्यांचा पगार तेवढाच राहतो; मागे उरलेल्यांचा दर एकदम चढतो आणि भांडणं होतात. पगार सर्व सभासदांवर समान वाटावा, धान्य-भाजी आणि गॅस तेवढा हजेरीवर. सुट्टीची नोंद दोन दिवस आधी वहीत हवी, नाहीतर शिजवलेलं अन्न वाया जातं.

वसतिगृहाचा कारभार पाहणाऱ्या समितीत विद्यार्थी हवेतच, पण एखाद्याच्या शिस्तभंगाचा विषय आला की त्यांनी उठून बाहेर जावं. शिवाय निम्मे प्रतिनिधी दुसऱ्या वर्षाचे असावेत. सगळेच शेवटच्या वर्षाचे असले, तर मे महिन्यात हिशेबाच्या वह्यांची माहिती त्यांच्याबरोबरच निघून जाते.

खोल्यांचं वाटप सगळ्यांत अवघड. वेगवेगळ्या वर्षांची आणि विषयांची मुलं शेजारी राहिली, तरच निवासी महाविद्यालय उभं राहतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९चे रॅगिंगविरोधी नियम सांगतात, की शक्य तिथं नव्या मुलांना वेगळ्या इमारतीत ठेवा. त्या नियमाला पळवाट शोधू नये. झोपायच्या खोल्या वेगळ्या ठेवाव्यात. जेवण, वाचनालय आणि अभ्यासगट मात्र एकत्र, रेक्टर हजर असताना.

मुंबईत जागा नाही, हे खरंच आहे. पण येलमध्ये बाहेर राहायला गेलेला विद्यार्थीही आपल्या कॉलेजचा सभासद राहतो. विरारहून किंवा डोंबिवलीहून येणाऱ्या मुलीलाही असं सभासदत्व देता येईल: एक लॉकर, वाचनालयात जागा, दुपारच्या जेवणाचं कूपन आणि तिचा ठरलेला मार्गदर्शक. फक्त समितीच्या बैठका रात्री नऊला ठेवू नका. दुपारी साडेचारला ठेवा, म्हणजे गाडीला गर्दी होण्याआधी ती निघू शकेल.