सीतेची वाक्यं

नमस्कार, श्रोतेहो. संस्कृत नाटक शिकताना विद्यार्थी एक सोय करून घेतात. नाटकातल्या स्त्रिया बहुधा प्राकृतात बोलतात आणि छापील पुस्तकात त्या वाक्यांची संस्कृत छाया, म्हणजे शब्दाला शब्द ठेवून केलेलं संस्कृत रूपांतर, दिलेली असते. परीक्षेला छाया पुरते, मूळ प्राकृताकडे कुणी फिरकत नाही. एम.ए.ला आम्हांला भवभूतीचं ‘उत्तररामचरित’ शिकवणाऱ्या बाईंना ही सोय मुळीच चालत नसे. “छायेवर हात ठेवा आणि सीता बोलली तसं वाचा,” असं त्या सांगायच्या.

बाई आज नाहीत. त्यांची विद्वत्ता मोठी होतीच. पण मला आठवतो तो त्यांनी शिकवलेला तिसरा अंक.

सीतात्यागाला बारा वर्षं झाली आहेत. राम पंचवटीत आला आहे. सीता त्याच्या जवळच वावरते आहे, पण भागीरथीच्या प्रभावामुळे ती त्याला दिसत नाही. वासंती ही वनदेवता रामाला जाब विचारते. ‘तू माझं जीवित, तू माझं दुसरं हृदय’ अशा शेकडो गोड शब्दांनी त्या भोळीला भुलवलंस आणि तिलाच... पुढे तिला बोलवत नाही. ‘जाऊ दे, आणखी बोलून काय उपयोग,’ एवढंच कसंबसं म्हणून ती मूर्च्छित होते.

इथे बाई म्हणायच्या, “अन्वय लावा.” म्हणजे श्लोकातले शब्द साध्या वाक्याच्या क्रमाने मांडा. आम्ही मांडू लागायचो. ‘तामेव’, म्हणजे ‘तिलाच’, हे कर्म सापडायचं, पण त्याचं क्रियापद काही सापडायचं नाही. वसंततिलका वृत्त शेवटच्या अक्षरापर्यंत भरलेलं, आणि वाक्य मात्र अर्धंच! रामाने जे केलं ते वासंतीच्या तोंडून निघतच नाही, हे आम्हांला व्याकरणातून कळलं. करुण रसावरच्या कुठल्याही व्याख्यानाने ते इतकं कळलं नसतं, असं मला आजही वाटतं.

मग बाई विचारायच्या, “हे सगळं सीता ऐकते आहे. ती काय म्हणते?” सीता वासंतीलाच बोल लावते, रामाची बाजू घेते. यावर वर्गात कडाक्याचं भांडण व्हायचं, विशेषतः मुलींमध्ये. बाई कुणालाही गप्प करत नसत. एकच अट असे, आपलं म्हणणं कोणत्या ओळीवर उभं आहे ते दाखवायचं. मूळ आधाराशिवाय काही लिहिणार नाही आणि गरजेपलीकडे काही सांगणार नाही, ही संस्कृत काव्यांचा प्रसिद्ध टीकाकार मल्लिनाथ याची प्रतिज्ञा. बाईंनी तिचा उच्चार फारसा केला नाही, पण ती पाळली.

अंकाच्या अखेरीस राम सांगतो की अश्वमेधात सहधर्मचारिणी म्हणून सीतेची सोन्याची प्रतिमा आहे. ते ऐकून सीता म्हणते, माझ्या परित्यागाचं शल्य आज आर्यपुत्रांनी उपटून काढलं. काहींना हा समेट फार स्वस्तात झाला असं वाटतं. मला तसं वाटत नाही. रामाच्या मनात काय आहे हे त्याच्याच तोंडून ऐकण्याची बारा वर्षांतली तिची ही पहिली वेळ आहे, आणि तेही तो तिच्याशी बोलत नसताना.

श्रोतेहो, तुमच्याकडे या नाटकाची प्रत असेल तर तिसरा अंक उघडा. आधी फक्त सीतेची वाक्यं, एकापाठोपाठ एक, मोठ्याने वाचा. बाकीच्यांची नंतर. बाई आम्हांला याच क्रमाने वाचायला लावायच्या.