सड्यावरून तळ्यात

[पहाट. डिचोली तालुक्यातला सडा, वाळलेलं गवत]

मार्च लागला की सड्यावरचं, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावरचं, गवत पिवळं पडतं आणि खालचा जांभा उघडा दिसू लागतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तरी इथे पायाखाली धूळ आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी माथ्यावर थांबत नाही, दगडातून झिरपत खाली जातं, चिकणमातीच्या थरावर अडतं आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून डोंगर कोरडा आणि त्याच्याच कुशीत तळं. मयेच्या तळ्यावर गेलात की हे एका नजरेत दिसतं.

साडेसहाला चालायला सुरुवात करायची आणि हवा भरायची कयाक (वल्ह्याची छोटी बोट) घेऊन नऊच्या आत पाण्यावर उतरायचं. माणशी ३ लिटर पाणी घ्यावंच, कारण सड्यावर झाड नाही, सावली नाही. उतारावर जांभ्याचे सुटे खडे पायाखालून घरंगळतात, तिथे पाऊल आडवं टाकायचं. दगड हाताने उलटायचा नाही, खाली फुरसं असू शकतं.

[जवळून: खाजकुइलीच्या शेंगा]

ही तपकिरी मखमल म्हणजे खाजकुइली. शेंग वाळली की तिची लव वाऱ्यानेही उडते, त्यामुळे अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि फुलपँट हवी. लव लागलीच तर चोळायचं नाही, चोळल्याने ती आणखी आत रुतते. त्या जागी चिकटपट्टी दाबून उपटायची, असं दोन-तीनदा करायचं आणि मग धुवायचं. पुढे काजूच्या बागा लागतात. त्या पावणीने, म्हणजे लिलावात, घेतलेल्या असतात, म्हणून बोंडूला हात लावायचा नाही. आणि गवत असं वाळलेलं असताना चहासाठीसुद्धा काडी ओढायची नाही.

[वरून: पाण्याने भरलेली जुनी चिरेखाण]

हे तळं नाही. चिरे काढून सोडून दिलेली खाण आहे. पाणी निळसर, स्वच्छ दिसतं, पण कडा करवतीने कापल्यासारख्या सरळ खाली जातात. पाय टेकायला पायरी नाही, धरायला मूळ नाही. पट्टीचा पोहणाराही इथून बाहेर येऊ शकत नाही. दरवर्षी पावसाळ्यात अशा पाण्यात माणसं बुडून मरतात.

[तळ्याचा काठ, भेगाळलेला चिखल]

पाणी उतरलं की काठावर असा चिखल राहतो. वर कडक पापुद्रा, खाली गुडघाभर गाळ. बोट उतरवायला खडकाळ जागा किंवा गुरं पाण्यावर येतात ती वाट शोधावी. गुरांच्या पायांनी माती घट्ट झालेली असते. पाय रुतलाच तर ओढाताण करायची नाही. मागे बसायचं, वजन पसरवायचं आणि पाय हलवत हलवत सोडवायचा.

हवा भरायच्या कयाकमध्ये व्हॉल्व्हजवळ छापलेल्या दाबापर्यंत हवा भरायची, अंगठ्याने दाबून अंदाज घ्यायचा नाही. पाण्यात उतरल्यावर आतली हवा थंड होऊन आकसते आणि बोट मऊ पडते, मग दहा मिनिटांनी पुन्हा थोडी भरायची. उन्हात काठावर ठेवताना याच्या उलट होतं. हवा फुगते आणि शिवण उसवते, म्हणून थोडी सोडून ठेवायची. मागचा पंखा (बोट सरळ ठेवणारं तळाखालचं पातं) लावायचा तो गुडघाभर पाण्यात गेल्यावर. काठावरच लावला तर पहिल्याच ढकलण्यात वाकतो. रुंद बोटीला २३० ते २४० सेंटिमीटरचं वल्हं लागतं, आखूड असेल तर दर वेळी हाताची बोटं कडेवर घासतात.

लाईफ जॅकेटचे पट्टे आवळून झाले की कुणालातरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगायचं. हनुवटीपर्यंत वर सरकलं तर ते सैल आहे.

[पाण्यावर. निवेदन नाही. फक्त वल्ह्याचा आवाज, पंधरा सेकंद]

सकाळचं पाणी असं आरशासारखं असतं. अकरा-बाराच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटतो. म्हणून जाताना पश्चिमेकडे जायचं, हातात जोर असतो तेव्हाच. परतताना वारा पाठीशी येतो.

[उथळ टोक. अडयांचा थवा]

या टोकाला वळायचं नाही. नोव्हेंबर ते मार्च इथे अडई, काणूक, थापट्या ही बदकं उतरतात, कमळाच्या पानांवर कमळपक्षी फिरतो. पक्ष्यांनी माना वर केल्या की आपण जास्तच जवळ आलो असं समजायचं आणि तिथेच वल्हं थांबवायचं. कुडचड्याजवळचं नंदा तळं, ४२ हेक्टरांचं, २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर क्षेत्र झालं. तिथे आणि करमळीच्या तळ्यावर बोट आणूच नये, काठावरून दुर्बीण पुरते. अंजुणे, चापोली, साळावलीसारख्या धरणांच्या पाण्यावर उतरायचं तर आधी जलस्रोत खात्याला विचारायचं, गावच्या तळ्यावर पंचायतीला किंवा कोमुनिदादला (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था). मगरीबद्दल मात्र मासे धरणाऱ्यांना विचारा. ती फक्त कुंभारजुवे कालव्यातच असते असं नाही.

[जवळून: बोटीच्या तळाला चिकटलेला हिरवा तुकडा]

बोटभर लांबीचा हा तुकडा जलपर्णीचा आहे. एवढ्यापासून नवं रोप उभं राहतं. पंख्याच्या खाचेत, आसनाच्या पट्ट्याखाली, बुटांच्या नाडीत असे तुकडे अडकतात. दुसऱ्या तळ्यावर ते आपल्याबरोबर जातात आणि मग त्या तळ्याचं पाणी दिसेनासं होतं. म्हणून निघण्याआधी काठापासून दूर बोट उलटी करायची, पंखा काढायचा, खाचा जुन्या टूथब्रशने घासायच्या, आतलं सगळं पाणी जमिनीवर सांडायचं, निघालेली पानं पिशवीत भरून घरी न्यायची. शिवणीत बोट घालून बघायचं, तिथे ओल राहते. घरी पोचल्यावर कडक उन्हात दोन दिवस वाळवायची, थोडी हवा सोडून.

[काठ. धुतलेली बोट उलटी. मागे सडा]