इंटरनेटलाही हसले होते, मग ब्लॉकचेनचं काय?

पुण्यात हिंजवडी असो नाहीतर बाणेर, ब्लॉकचेनवर (म्हणजे एकच नोंदवही अनेक कॉम्प्युटरवर ठेवायची, जुनी नोंद गुपचूप बदलता येऊ नये म्हणून) कुणी शंका काढली की दुसरा लगेच म्हणतो, अहो इंटरनेटलाही लोक असेच हसले होते! आणि हे खरंय. 1995 मध्ये क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञांनी न्यूजवीकमध्ये लिहिलं की नेटवरून पुस्तकं-पेपर विकत घेण्याच्या गप्पांना काही अर्थ नाही, 1998 ला अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन म्हणाले की इंटरनेटचा अर्थव्यवस्थेवर फॅक्स मशीनपेक्षा जास्त परिणाम होणार नाही. दोघंही साफ चुकले.

पण स्टोल यांची तक्रार काय होती ते बघा ना. नेटवरून पैसे पाठवायची भरवशाची सोय नाही, हवी ती माहिती पटकन सापडत नाही. म्हणजे कामं बाकी होती, ती पुढे झाली. उपयोग मात्र पहिल्यापासून दिसत होता. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं 15 ऑगस्ट 1995 ला आपल्याकडे सामान्यांसाठी नेट सुरू केलं, आणि पोरगा अमेरिकेत असलेल्या कोथरूडच्या आईबाबांना ईमेल कशाला हवा हे समजवावं लागलं नाही, आयएसडीचं, म्हणजे परदेशी फोनचं, बिल होतं ना! 2002 पासून तर रेल्वेचं तिकीटही नेटवर निघायला लागलं.

आता ब्लॉकचेन बघा. त्यावर चालणारं डिजिटल चलन म्हणजे बिटकॉइन, त्याचा पहिला ब्लॉक, म्हणजे नोंदींचा पहिला गठ्ठा, 3 जानेवारी 2009 चा. एवढ्या वर्षांनी विचारा, रोज कशाला वापरता? बहुतेक जण भाव सांगतात.

आता सातबाऱ्याचंच बघा. जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर टाका म्हणजे घोटाळे संपतील, असं कायम ऐकतो. पण वडील गेल्यावर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात, आणि घोळ कुठे होतो तर बहिणीचं नाव अर्जातच नसतं. ब्लॉकचेन नोंद गुपचूप बदलू देणार नाही, मान्य, पण चुकीची नोंदही तितकीच पक्की बसणार आणि त्या बहिणीला शेवटी प्रांताकडेच जावं लागणार. मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणी धड बोलत नाही.

गडचिरोलीच्या एटापल्लीत 2022 साली जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले. दाखला खरा का खोटा लगेच कळतं, चांगलंच आहे, पण दाखला देणारं सरकार एकच असेल तर त्यांची डिजिटल सही पुरत नाही का?

जिथे एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेकांना एकच वही ठेवायचीय तिथे हे तंत्र खरं कामाचं. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स नेमकं तेच होतं, जहाजांवरच्या कंटेनरची कागदपत्रं सगळ्यांनी एकाच ठिकाणी बघायची. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. सिस्टीम तयार होती, पण अख्खी इंडस्ट्री काही एकत्र आली नाही.