कबुतर झालेला हेर आणि त्याचा थवा

श्रोतेहो, नमस्कार.

मे २०२३ मध्ये मुंबईच्या बंदराजवळ एक कबुतर पकडले गेले. त्याच्या पायांत कड्या होत्या आणि पंखांवर चिनी लिपीसारखी अक्षरे उमटलेली होती, म्हणून ते हेरगिरीसाठी पाठवलेले असावे असा पोलिसांना संशय आला. चौकशी सुरू राहिली आणि पक्षी परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात राहिला. अखेर असे निष्पन्न झाले की ते तैवानमधले शर्यतीचे कबुतर होते आणि भरकटत इथवर आले होते. आठ महिन्यांनी, ३० जानेवारी २०२४ रोजी, त्याला पुन्हा आकाशात सोडण्यात आले. हा संशय आज विचित्र वाटला, तरी तो अगदीच हवेतला नव्हता. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने कबुतराच्या छातीवर बसेल एवढा लहान कॅमेरा तयार करून खरोखरच चाचण्या घेतल्या होत्या, आणि त्या प्रयोगांची कागदपत्रे २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

योगायोग असा, की त्याच वर्षी नाताळच्या दिवशी अमेरिकेत एक अॅनिमेशनपट प्रदर्शित झाला, ज्याचा नायक असलेला हेर पाहता पाहता कबुतर होतो. ‘स्पाइज इन डिसगाइज’, म्हणजे वेषांतरातले हेर, हे त्याचे नाव. निक ब्रूनो आणि ट्रॉय क्वेन या दोघांनी तो दिग्दर्शित केला आहे. मुलांचा आत्मविश्वास आणि मिळून काम करण्याची वृत्ती यांविषयी आपण मोठी माणसे पुष्कळ बोलतो, आणि बहुतेक वेळा मुलांना ते बोलणे ऐकवतही नाही. या चित्रपटाने ते दोन्ही विषय ज्या गंभीरपणे हाताळले आहेत, त्याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

आधी कथा थोडक्यात सांगतो. लान्स स्टर्लिंग हा वॉशिंग्टनमधल्या एका गुप्तचर संस्थेचा सर्वांत नावाजलेला हेर आहे. सूट झकास, चाल रुबाबदार आणि कामगिरीवर कायम एकटा. आपण एकट्यानेच उडतो, हे त्याचे ब्रीद आहे आणि ते तो येता-जाता ऐकवतो. त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत वॉल्टर बेकेट नावाचा तरुण संशोधक काम करतो. लहानपणापासून इतर मुले त्याला विक्षिप्त म्हणून हिणवत आली आहेत. किलियन नावाचा खलनायक लान्सचाच चेहरा धारण करून चोरी करतो, लान्स स्वतःच्याच संस्थेच्या नजरेत गुन्हेगार ठरतो, आणि लपण्यासाठी तो वॉल्टरच्या घरी येतो. तिथे तो वॉल्टरने तयार केलेला एक द्रव चुकून पितो आणि कबुतर होतो. पुढे मेक्सिको, व्हेनिस आणि उत्तर समुद्र असा प्रवास घडतो. वॉल्टर त्यावरचा उतारा शोधत असतो, आणि मार्सी कॅपल ही संस्थेची कर्तव्यकठोर अधिकारी दोघांच्या मागावर असते.

कबुतरच का, हा प्रश्न लान्सलाही पडतो. वॉल्टरचे म्हणणे असे, की जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात कबुतरे असतात आणि त्यांच्याकडे कोणीही वळून पाहत नाही. हेराला यापेक्षा चांगले रूप कोणते मिळणार? आपल्याकडे बहिर्जी नाईकांच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतही वेषांतराचे मर्म हेच आहे. फकीर, गोंधळी, भिकारी अशी रूपे अशासाठी, की ती सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाच्या लक्षात राहत नाहीत. शिवाय कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ सभोवतालचे दिसते, आणि आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही ते पाहू शकते. चित्रपटाने पक्ष्याच्या शरीराची ही माहिती कथेत छान वापरली आहे.

आता आत्मविश्वासाकडे येतो, कारण मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच. सुरुवातीला कोणीही म्हणेल की आत्मविश्वास लान्सकडे आहे आणि वॉल्टरकडे तो नाही. एकाला साऱ्या कचेरीत टाळ्या मिळतात, दुसरा घाईघाईने बोलतो, अडखळतो, एकटा पडतो. कथा पुढे सरकते तसे उलटेच दिसू लागते. लान्सचा विश्वास त्याच्या सुटावर, उंचीवर, हातांवर आणि लोकांच्या कौतुकावर उभा असतो. ते सारे एका घोटात नाहीसे झाल्यावर त्याला साधे दार उघडता येत नाही आणि पंख असूनही उडता येत नाही. वॉल्टरला मात्र पहिल्यापासून कोणी वाखाणलेले नाही, आणि तरीही तो स्वतःच्या कल्पनांवरून हटलेला नाही. लान्स त्याला नोकरीवरून काढतो, त्यानंतरही तो घरी जाऊन काम करतच राहतो. घमेंडीला पाहणारे डोळे लागतात. वॉल्टरजवळ जे आहे ते कोणी पाहत नसतानाही टिकून राहते.

हे त्याच्याकडे आले कुठून, याचे उत्तर चित्रपटाने पहिल्याच काही मिनिटांत दिले आहे. वॉल्टरची आई पोलिसात असते. शाळेतली मुले हसतात म्हणून खिन्न झालेल्या आपल्या मुलाला ती सुधारू पाहत नाही, इतरांसारखा हो असे सांगत नाही. जगाला तुझ्यासारख्या वेगळ्या माणसांची गरज लागणार आहे, अशा अर्थाचे ती बोलते आणि आपण त्याच्या पाठीशी असल्याचे सांगते. पुढे ती कर्तव्य बजावताना मरण पावते. तो प्रसंग ओझरताच येतो, पण मुलांच्या तो नेमका लक्षात राहतो. आपल्या घरांतून ‘चारचौघांसारखं वाग’ हे वाक्य किती सहज उच्चारले जाते, याची मला हे दृश्य पाहताना प्रकर्षाने जाणीव झाली. मीही ते उच्चारले आहे.

वॉल्टरच्या उपकरणांविषयी सविस्तर बोलले पाहिजे. हेरकथेतली उपकरणे म्हणजे सहसा बंदुका आणि स्फोटके. वॉल्टर मात्र कोणालाही इजा होऊ नये अशीच साधने बनवतो. त्याच्या एका गोळ्यातून चमकीचा धूर निघतो आणि त्यात गोंडस मांजरीचे चित्र उमटते, ते पाहून हाणामारीवर आलेले लोकसुद्धा क्षणभर विरघळतात. दुसरे एक साधन फुगते आणि माणसाला सर्व बाजूंनी मिठीत घेतल्यासारखे वेढून सुरक्षित ठेवते. लान्सला हे सारे पोरकट वाटते. आगीचा सामना आगीनेच करायचा असतो, असे तो मानतो. या विचाराची किंमत काय असते, हे चित्रपट किलियनच्या रूपाने दाखवतो: लान्सच्या एका जुन्या मोहिमेत किलियनचे सहकारी मारले गेलेले असतात आणि त्या सुडासाठीच तो माणसे टिपणाऱ्या ड्रोनचा ताफा उभा करतो. म्हणजे खलनायक नायकाच्याच पद्धतीतून जन्मला आहे. मुलांसाठी बनवलेल्या चित्रपटाने हे इतक्या स्पष्टपणे मांडावे, याचे मला फार कौतुक वाटते.

शेवटच्या चकमकीत आकाशात खूप उंचावर वॉल्टर आणि किलियन समोरासमोर येतात. मिठीसारखे फुगणारे ते साधन वॉल्टर स्वतःसाठी वापरत नाही, ते तो किलियनभोवती फुगवतो आणि स्वतः खाली कोसळतो. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने हे पाहताना चित्रपट थांबवायला लावला आणि विचारले, “मामा, त्याने दुष्ट माणसाला का वाचवलं?” मी तिलाच उलट विचारले. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, “त्याने ते बनवलंच होतं माणूस वाचवायला. कुठला माणूस, ते ठरवलं नव्हतं.” त्या उत्तरात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

या चित्रपटाची घडण हीसुद्धा मिळून केलेल्या कामाची कहाणी आहे. मूळ कल्पना लुकास मार्टेल या दिग्दर्शकाच्या २००९ मधल्या एका लघुपटातली. जेमतेम सहा मिनिटांच्या त्या लघुपटात एक कबुतर हेराच्या ब्रीफकेसमध्ये अडकते, आणि तेवढ्यासाठी सुमारे पाच वर्षांचे काम झाले होते. त्या बीजावरून पूर्ण लांबीचा चित्रपट उभा केला तो ‘ब्लू स्काय’ या १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्टुडिओने. अॅनिमेशनमध्ये एका कबुतराचे नुसते मान वळवणे घेतले, तरी आकार घडवणारा, हालचाल देणारा, पिसे बसवणारा, प्रकाश टाकणारा आणि आवाज देणारा असे अनेकजण त्यामागे असतात आणि त्यांतल्या कोणाचे काम कुठे संपले हे पडद्यावर दिसत नाही. हा त्या स्टुडिओचा शेवटचा चित्रपट ठरला. एप्रिल २०२१ मध्ये स्टुडिओ बंद झाला. म्हणून शेवटची नामावली धावू लागली की टीव्ही बंद करू नये, अशी माझी विनंती आहे. मुलांना त्यातली काही नावे मोठ्याने वाचायला सांगावीत.

मुले नंतर हमखास विचारतात, की कबुतरे खरेच अशी कामे करतात का. त्यांना शेर अमी या कबुतराची गोष्ट सांगता येईल. ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात वेढलेल्या अमेरिकन तुकडीचा संदेश त्याने गोळी लागलेली असतानाही पोहोचवला. त्याचा पेंढा भरलेला देह आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्या देशात ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये संदेशवाहक कबुतरांची सेवा सुरू केली होती आणि दुर्गम ठाण्यांशी संपर्क ठेवण्यासाठी तिचा अनेक वर्षे उपयोग झाला.

पण थव्याची खरी गोष्ट आपल्याजवळ फार पूर्वीपासून आहे. पंचतंत्रातला कबुतरांचा राजा चित्रग्रीव आपल्या थव्यासह पारध्याच्या जाळ्यात सापडतो, सगळे एकाच वेळी पंख मारून जाळ्यासकट उडतात आणि हिरण्यक या उंदराकडे जातात. इथवरचा भाग आपण सर्वांनी शाळेत वाचलेला आहे. त्यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. उंदीर मित्राचे पाश आधी तोडायला येतो, तेव्हा चित्रग्रीव त्याला थांबवतो आणि आधी माझ्या सोबत्यांना मोकळे कर असे सांगतो. पुढारी असणे म्हणजे काय, ते या एका विनंतीत आले आहे, आणि लान्सला सगळ्या चित्रपटभर हेच शिकायचे असते. कबुतर झाल्यावर लान्सच्या सोबतीला येऊन चिकटलेली कबुतरे काही शूरवीर नव्हेत. लव्ही ही वॉल्टरची लाडकी, एक जाडजूड आणि एक भिरभिऱ्या डोळ्यांचे, जे दिसेल ते गिळणारे. लान्सला त्यांची लाज वाटते. उडायला शिकवण्याचे त्यांचे प्रयत्नही त्याला नकोसे होतात.

मध्यंतरी उतारा सापडतो आणि लान्स पुन्हा माणूस होतो. होताच तो जुन्या सवयीप्रमाणे वॉल्टरला सुरक्षित ठिकाणी पाठवून एकटाच शत्रूसमोर जातो आणि पकडला जातो. ही चूक चित्रपटाने त्याला करू दिली, हे मला फार योग्य वाटले, कारण माणूस एका अनुभवाने बदलत नाही. फार लहान मुलांना, विशेषतः किलियनचा यांत्रिक हात आणि ड्रोनचे हल्ले पाहून, भीती वाटू शकते. तेव्हा शेजारी कोणी मोठे माणूस बसलेले असावे. आणि वॉल्टर उंचावरून कोसळू लागतो, त्या क्षणी लान्सकडे नीट पाहावे. पहिल्या वेळी तो द्रव त्याने नकळत घेतला होता. या वेळी तो स्वतःच्या मर्जीने पुन्हा कबुतर होतो आणि ज्यांची त्याला लाज वाटत होती, त्या थव्याच्या मध्ये जाऊन उडतो.

नमस्कार.