भट्टीचं गणित आणि चार हात सुतळी

माईक लागलाय ना? बरं. पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: ‘बंदिस्त भट्टीतील प्रारणाच्या संगणकीय पद्धती’. प्रारण म्हणजे रेडिएशन. कारखान्यात हा शब्द काढला की लोकांना उपवासाचं पारणं आठवतं.

आधी एक प्रश्न. चौरस ठोकळ्यासारखी खोली आहे, सहाही बाजू सारख्या. एका भिंतीतून निघालेली उष्णता समोरच्या भिंतीला जास्त मिळेल की शेजारच्या? करा हात वर. समोरच्या म्हणणारे बरेच दिसतात! दोघींनाही जवळपास ०.२, पाचवा हिस्सा. शेजारचीला केसभर जास्तच. समोरची तोंडासमोर आहे पण लांब, शेजारची तिरकी पण चिकटलेली. एकीतून निघालेल्या उष्णतेचा दुसरीला मिळणारा हा हिस्सा, हाच व्ह्यू फॅक्टर. आमची आजी तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करायची आणि एक बाजू कच्ची वाटली तर जराशी कलवायची. तिने काही इंटिग्रल सोडवलं नव्हतं.

आता माझं दुखणं. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, तापवायची भट्टी होती, १२०० अंशांची. तिथल्या तरुण मंडळींनी सॉफ्टवेअर चालवलं. चित्र असं रंगीत की रंगपंचमीच! बिलेटांवर लाल-पिवळे पट्टे. साहेब म्हणाले, बर्नर हलवा. मी म्हटलं, थांबा. मग मेश, म्हणजे भट्टीचे आकडेमोडीसाठी पाडलेले चौकोन, बारीक केली. पट्टे आणखी ठळक. पुन्हा बारीक केली, पुन्हा ठळक. तीन आठवडे हेच. शेवटी फोरमन म्हणाला, “साहेब, पंधरा वर्षं बिलेट काढतोय, पट्टेरी एकही निघालं नाही.”

त्या दिवशी मी सुतळी मागवली. आजही मागवलीय, ही बघा, मांडववाल्याची. एमआयटीच्या हॉटेल यांची युक्ती. (आडनाव आहे, खाणावळ नव्हे.) दोन लांबलचक समांतर पट्ट्या घ्या, रुंदी एक हात, मधलं अंतर एक हात. टोकांना तिरप्या दोन सुतळ्या, प्रत्येकी १.४१, सरळ दोन, प्रत्येकी १. तिरप्यांची बेरीज वजा सरळांची बेरीज, भागिले रुंदीची दुप्पट. आलं ०.४१, एका पट्टीतून दुसरीला मिळणारा हिस्सा. ज्योतीच्या पट्ट्यापासून एकेका बिलेटापर्यंत मी असंच मोजलं. हिस्सा या टोकाकडून त्या टोकाकडे हळूहळू बदलत होता. पट्टे पडायला जागाच नव्हती.

मग पट्टे आले कुठून? चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे खरं व्याख्यान आता सुरू.

सॉफ्टवेअरमध्ये होती डिस्क्रीट ऑर्डिनेट पद्धत. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी ती ताऱ्यांच्या वातावरणासाठी वापरली, भट्टीवाले नंतर आले. उष्णता सगळ्या दिशांनी जाते. ही पद्धत मोजक्याच दिशा धरते. तिच्या एस-४ या प्रकारात २४. ज्योत लहान असली की उष्णता त्या २४ वाटांवरच पोचलेली दिसते, म्हणून पट्टे. मेश जाड असते तेव्हा आकडेमोडीतली पसरट चूक त्यांना झाकते. बारीक केली की ते उघडे पडतात. बारीक करायच्या होत्या दिशा. एस-८ मध्ये ८० होतात, वेळही त्याच मानाने वाढतो.

झोन पद्धत: भट्टीचे तुकडे पाडा, प्रत्येक जोडीचा हिस्सा काढा. तुकडे दुप्पट केले की जोड्या चौपट, तिथे ती दमते.

माँटे कार्लो: किरणांचे गठ्ठे यादृच्छिक सोडा आणि कुठे पडतात ते मोजा. आकार कितीही वेडावाकडा असला तरी चालतं. पण चूक निम्मी करायची तर किरण चौपट.

तापमानात चूक नको हेही सांगायचं होतं. उष्णता केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातात जाते. १० टक्के जास्त धरलं की उत्सर्जन ४६ टक्के जास्त. भट्टीतल्या कार्बन डायऑक्साइड आणि वाफेचं तर राहूनच गेलं.

दुसरी चिठ्ठी. बरं, बरं. वायूंचं चहाच्या वेळी विचारा. आणि ही सुतळी मांडववाल्याला परत द्या, कनात तिच्यावरच उभी आहे.