काळ्या शाईचं काय करायचं?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पूर्ण रंगीत मांगा संग्रह : चित्र आणि गोष्ट यांचा तोल’. तोलाकडे येतोच. आधी एक खात्री करून घेतो. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात, हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको ना? छान. पाच मिनिटं वाचली. ती मी दुसरीकडे उधळणार आहे.

उदाहरण एकच धरू, ‘रोबोट’. रेंज मुराताने संपादित केलेला, वानी मॅगझिनने 2004 पासून काढलेला, एकूण दहा खंडांचा संग्रह. मुराता म्हणजे 2003 च्या ‘लास्ट एक्झाइल’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेची पात्रं रेखाटणारा. सोबत योशितोशी आबे, हिरोयुकी असादा अशी एकाहून एक तयारीची मंडळी. जाड गुळगुळीत कागद, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत रंग. दुकानात हातात घेतला की ठेववत नाही. घरी आणल्यावर मात्र लोक तो चाळतात. ‘वाचला’ असं म्हणणारे कमी भेटतात. तक्रार ठरलेली असते : चित्रं अप्रतिम, गोष्टीत दम नाही.

माझं म्हणणं असं की, यातला बराच दोष लेखकाच्या माथी उगाच मारला जातो. कृष्णधवल मांगात काळा आणि पांढरा हे दोघं गोष्ट चालवत असतात. रंग आला की दोघांचीही नोकरी जाते, आणि त्यांच्या जागी कुणालाच नेमलेलं नसतं.

पांढऱ्याचं नंतर. आधी काळा, कारण त्याच्यावर होणारा अन्याय थेट छापखान्यात होतो आणि त्यावर कुणी बोलत नाही.

साप्ताहिक मांगाचं पान एका शाईत छापतात. मूळ पान मोठं, बी-4 आकाराच्या कागदावर, आतली चौकट साधारण 180 गुणिले 270 मिलिमीटर. छापताना ते बी-5 वर येतं. रेघ एक तर आहे किंवा नाही. करडा रंगसुद्धा करडा नसतोच. स्क्रीनटोनचे, म्हणजे सावलीसाठी पानावर लावलेल्या नक्षीचे, काळे ठिपके असतात, डोळा फसतो. म्हणून स्वस्तातल्या खरखरीत कागदावरही रेघ सुरीसारखी उठते. रेघांचं चित्र 600 किंवा 1200 डीपीआयला, म्हणजे एका इंचात तेवढे ठिपके, ठेवतात. रंगीत पानाला 350 पुरतात, आणि पहिली चूक इथेच होते : चित्रकार रेघ आणि रंग एकाच थरात, 350 ला रंगवून मोकळा होतो.

दुसरी चूक त्याहून वाईट. पडद्यावरचा काळा, म्हणजे आरजीबीतला (लाल, हिरवा, निळा प्रकाश) शून्य-शून्य-शून्य, डोळे मिटून सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बदलला की नेहमीच्या सेटिंगमध्ये काय होतं? निळा 75 टक्के, किरमिजी 68, पिवळा 67, काळा 90. एका रेघेला चार शाया! रेघ असते पाव मिलिमीटरची. छापताना कागद ओला होतो, ताणतो, प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, त्यातली एखादी दशांश मिलिमीटर सरकते. ‘रजिस्टर हललं’ म्हणतात ते हेच. मग नायिकेच्या पापणीला एकीकडून गुलाबी कड, दुसरीकडून निळी. शिवाय काळा 90 टक्के म्हणजे तोही ठिपक्यांत फुटला, रेघेची कड करवतीसारखी झाली. वाचकाला यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच जाणवतं की चित्र जरा ‘मऊ’ आहे, डोळा ठरत नाही. आणि दोष कुणाला? गोष्टीत दम नाही!

उपाय साधा आहे. रेघांचा थर वेगळा ठेवायचा, निव्वळ काळा 100 टक्के, ओव्हरप्रिंट, म्हणजे बाकीच्या रंगांच्या वरच छापलेला. खालचा रंग रेघेपाशी तोडायचा नाही, तिच्याखाली थोडा सरकू द्यायचा, म्हणजे प्लेट हलली तरी पांढरी फट दिसत नाही. रात्रीचं आकाश किंवा मोठा काळा कोट असेल तर उलटं, तिथे नुसता काळा फिकट, धुतल्यासारखा दिसतो. त्याच्याखाली 40 टक्के निळा घालायचा. रेघेत मात्र घालायचा नाही. पुन्हा सांगतो, रेघेत नाही.

आणि गडद सावल्या! पडद्यावर त्या मखमली दिसतात. चार शायांच्या टक्क्यांची बेरीज 350 च्या वर गेली की गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते. 300 ते 320 ला थांबायचं.

अक्षरं तर विचारूच नका. गडद रंगवलेल्या आकाशावर पांढऱ्या अक्षरांत संवाद टाकायची हौस असते. कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांत, आधीच रेघांची गर्दी, शेजारी उच्चार सांगणारा मुंगीएवढा फुरिगाना. चारांपैकी एक प्लेट हलली की अक्षर भरून जातं. मग वाचक संवाद सोडतो आणि चित्र बघतो. चित्रानेच त्याला वाचू दिलं नाही.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं’. बरं, तोल.

दिवाळी अंकात कथा एका बाजूला असते, चित्र दुसऱ्या. चित्र डावं पडलं तरी कथा उभी राहते. मांगात चौकट हेच वाक्य. आणि रंगीत संग्रहात नेमलेले असतात मुखपृष्ठं रंगवणारे लोक. मुखपृष्ठाचं काम माणसाला थांबवणं, चौकटीचं काम त्याला पुढे ढकलणं. ते प्रत्येक चौकट मुखपृष्ठासारखी सजवतात. सगळ्याच करवल्या नवरीसारख्या नटल्या तर अक्षता टाकायच्या कुणावर?

आता पांढरा. रंगीत पानावर सर्वांत उजळ वस्तू असते संवादाचा फुगा. डोळा आधी तिथेच जातो, फुग्यावरून फुग्यावर उड्या मारतो, नदीतल्या दगडांवरून जावं तसा. म्हणून फुगे नेमच्या, म्हणजे कच्च्या आराखड्याच्या वेळीच बसवायचे, चित्र रंगवून झाल्यावर उरलेल्या जागेत कोंबायचे नाहीत. पार्श्वभूमीतले पांढरे ढग, पांढरे शर्ट फुग्याशी स्पर्धा करतात. त्यांना 10-15 टक्के रंग द्यायचा.

पान झालं की करडं करून बघायचं. लाल झगा आणि हिरवी झाडी रंगात ओरडून वेगळी दिसतात, करड्यात बहुतेक एकच होतात. तिथे आकृती हरवलेली असते. हे नवं नाही. मासिकातली सुरुवातीची रंगीत पानं पुस्तकात करड्यात छापली की चिखल होतो, तो याचमुळे.

उलट दिशेचा दाखला ‘अकिरा’ या मांगाचा. कात्सुहिरो ओतोमोची कृष्णधवल पानं 1988 पासून अमेरिकेत एपिक कॉमिक्सने रंगीत काढली, स्टीव्ह ऑलिफने संगणकावर रंगवून. डावीकडून वाचता यावीत म्हणून पानं आरशासारखी उलटवली होती, तो राग वेगळा. पण वाचताना डोळा अडखळत नाही, कारण मूळ पान रंगाशिवाय चालत होतं. रंग वरून आला.

म्हणून रंगाचा हिशेब प्रसंगाप्रमाणे : एका प्रसंगाला तीन मुख्य रंग, प्रसंग बदलला की एक बदलायचा. पूर्ण रंगवलेली चौकट दोन पानांत एक, बाकी सपाट रंगात. हालचाल दाखवणाऱ्या वेगरेषा हव्या असतील तर मागचं रंगकाम पुसायचं. दोन्ही एकत्र दिसत नाहीत.

शेवटचं, संपादकासाठी. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला गठ्ठा, त्यात आठ-आठ पानांच्या दोन गोष्टी. खंड महिनोन्महिने येत नाही, तेव्हा ‘क्रमशः’ जपून. गोष्ट समोरासमोरच्या दोन पानांतल्या पहिल्यावर सुरू करा आणि पानांची संख्या सम ठेवा, नाहीतर एकाचं शेवटचं पान आणि दुसऱ्याचं पहिलं समोरासमोर येतं, एक संध्याकाळचं नारिंगी, दुसरं समुद्राचं हिरवं, आणि दोन्ही गोष्टी मरतात. विषम झालीच तर मधे एक कोरं पान सोडा. त्या पानाचेही पैसे पडतात, आणि काटछाट करताना सगळ्यांत आधी तेच उडवलं जातं. चिठ्ठी दुसऱ्यांदा आली. विचारा प्रश्न.